त्यांना १४ महिने, आपल्याला २२: नव्या उत्पादनाच्या कामाची कंपन्या-कंपन्यांमध्ये तुलना कशी करावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही औद्योगिक पंप बनवणाऱ्या मध्यम आकाराच्या कंपनीत उत्पादन विकास विभाग सांभाळता. एक स्पर्धक नवं मॉडेल १४ महिन्यांत बाजारात आणतो, असं संचालकांच्या कानावर आलंय. तुम्हाला २२ महिने लागतात. चार-पाच कंपन्यांचे आकडे जमवा आणि आपण कुठे आहोत ते सांगा, असा निरोप आला आहे. कोणते आकडे घ्यावेत, ते मिळवायचे कसे आणि त्यांच्यावर किती विसंबायचं, हे तुम्ही विचारलंय.

हे काम मी वीस-बावीस वर्षं करत आले आहे. सुरुवातीला एका कंपनीच्या विकास विभागात राहून, नंतर बाहेरून, पाच-सहा कंपन्यांचे गट जमवून. पहिली विनंती अशी की तो १४ चा आकडा अजून कुठल्याही स्लाइडवर टाकू नका. एकदा तो संचालकांच्या डोळ्यांसमोर बसला की पुढची सगळी चर्चा त्याच्याभोवती फिरेल, आणि १४ महिने नेमके कुठून कुठपर्यंत मोजले हे आज तुमच्यापैकी कुणालाच माहीत नाही.

माझ्या पहिल्या अभ्यासात सहा कंपन्या होत्या. पाच कंपन्यांचे आकडे १८ ते २५ महिन्यांच्या दरम्यान होते आणि एकीचा होता ११. साहजिकच सगळ्यांना तिच्याकडूनच शिकायचं होतं. मी तिथे गेले, विकासप्रमुखांबरोबर बसले आणि एका प्रकल्पाची फाईल पहिल्या पानापासून उलटायला घेतली. पहिलं पान होतं प्रकल्प मंजुरीचं पत्र, त्याच्या मागे टाचलेलं केसिंगचं, म्हणजे पंपाच्या बाहेरच्या कवचाचं, ड्रॉइंग. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात रिव्हिजन 'ई' लिहिलेलं होतं. मंजुरी मिळाली त्या दिवशी ड्रॉइंग पाचव्या आवृत्तीवर कसं, असं विचारल्यावर त्यांनी मोकळेपणाने सांगितलं: कल्पना, पहिला नमुना, एका ओळखीच्या ग्राहकाकडची चाचणी, हे सगळं मंजुरीआधीच उरकलेलं असायचं. त्या टप्प्याला ते 'अभ्यास' म्हणत आणि त्यावरचे तास सेवा विभागाच्या खात्यावर टाकत. त्या प्रकल्पाचा अभ्यास दहा महिने चालला होता. शेवटाकडेही तोच प्रकार. त्यांचं घड्याळ पहिला नग कारखान्याबाहेर पडला की थांबे. गटातल्या दोन कंपन्या मात्र ठरलेलं मासिक उत्पादन गाठेपर्यंत मोजत होत्या. फसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. प्रत्येकाने आपापल्या घरच्या रीतीप्रमाणे उत्तर दिलं होतं.

तेव्हापासून मी कुणालाही 'किती महिने लागतात' असं विचारत नाही. मी तारखा मागते. कल्पना पहिल्यांदा कागदावर कधी आली, पहिला माणूस त्या कामावर नीट कधी बसला, पैसे कधी मंजूर झाले, डिझाइन गोठवून पॅटर्न (ओतकामाच्या साच्यासाठीचा नमुना) आणि टूलिंगची ऑर्डर कधी गेली, पहिला नग ग्राहकाला कधी विकला आणि उत्पादन ठरल्या दराला कधी पोचलं. सहा तारखा. कोणती वजाबाकी करायची ते नंतर आपण ठरवायचं, सगळ्यांसाठी एकच. या तारखा ईमेल, खरेदीच्या ऑर्डरी आणि पहिल्या बिलावरून घ्यायच्या, आठवणीतून नाही. आठवणीत प्रकल्प नेहमी थोडा उशिरा सुरू झालेला असतो.

यानंतरचा प्रश्न 'नवं' म्हणजे काय. जुन्याच केसिंगमध्ये नवा इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारं फिरतं चाक, बसवला तर ते नवं उत्पादन होतं का? कॅटलॉगमध्ये त्याला नवा नंबर मिळतो, म्हणजे बऱ्याच कंपन्यांच्या हिशोबात होतं. बूझ अ‍ॅलन अँड हॅमिल्टन या सल्लागार कंपनीने १९८२ साली नव्या उत्पादनांची सहा गटांत विभागणी केली होती: जगालाच नवी, कंपनीला नवी, चालू मालिकेत भर घालणारी, सुधारित, नव्या ग्राहकांसाठी नव्याने मांडलेली आणि फक्त खर्च कमी केलेली. त्यांच्या पाहणीत जगालाच नवी उत्पादनं जेमतेम १० टक्के होती. विभागणी जुनी असली तरी मी अजून तीच वापरते, कारण ती समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. तुमचे २२ महिने पूर्ण नव्या हायड्रॉलिक डिझाइनचे असतील आणि त्यांचे १४ मालिकेत एक आकार वाढवल्याचे असतील, तर ही तुलना इथेच संपली.

अशी तुलना नीट कशी करतात, याचं माझ्या पाहण्यातलं सर्वात चांगलं उदाहरण मोटार उद्योगातलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधले किम क्लार्क आणि ताकाहिरो फुजिमोतो यांनी १९८० च्या दशकात जपान, अमेरिका आणि युरोपातल्या २० मोटार कंपन्यांचे २९ विकास प्रकल्प तपासले. सगळे निष्कर्ष १९९१ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाले. त्यांनी कंपन्यांची तुलना न करता प्रकल्पांची केली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कच्च्या आकड्यांत जपानी प्रकल्पांना अभियंत्यांचे तास इतरांच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढेच लागलेले दिसत होते. पण त्यांच्या गाड्या लहान होत्या आणि बरंचसं डिझाइन पुरवठादार करत होते. हे सगळं हिशोबात धरून आकडे एका पातळीवर आणल्यावर जपानी प्रकल्पांना सरासरी सुमारे १७ लाख तास निघाले आणि अमेरिकी-युरोपीय प्रकल्पांना ३० लाखांच्या आसपास. कालावधी निघाला सुमारे ४६ महिने, समोरच्यांचा ६० च्या जवळ. म्हणजे फरक आक्रसला, पण नाहीसा झाला नाही, आणि उरलेल्या फरकावर कुणालाही 'आमची गाडी वेगळी असते' असं म्हणून सुटता येईना.

त्याहून कामाची गोष्ट म्हणजे ते आकड्यापाशी थांबले नाहीत. उरलेला फरक कशातून येतो ते त्यांनी शोधलं. पत्र्याच्या बॉडीचे डाय, म्हणजे पत्रा दाबून आकार देणारे पोलादी साचे, तयार व्हायला जपानी कंपन्यांना १४ महिन्यांच्या आसपास लागत आणि अमेरिकी कंपन्यांना २५. कारण अंतिम ड्रॉइंग हातात येण्याआधीच डायसाठीचं पोलाद मागवून ढोबळ कापणी सुरू झालेली असे, आणि बॉडीचा डिझाइनर नि डायचा डिझाइनर रोज एकमेकांशी बोलत असत. एका प्रकल्पाची सूत्रं संकल्पनेपासून विक्रीपर्यंत एकाच वजनदार माणसाच्या हातात असत. असा तपशील हाती आला की सोमवारी सकाळी काय करायचं ते कळतं. 'त्यांना १४ लागतात' यातून ते कळत नाही.

आता बाकीच्या आकड्यांकडे वळू, कारण संचालक वेळेबरोबर तेही मागतीलच.

यशाचं प्रमाण. 'दहातली आठ-नऊ नवी उत्पादनं पडतात' हे वाक्य तुम्ही शंभरदा ऐकलं असेल. त्यामागे भक्कम पाहणी नाही. प्रॉडक्ट डेव्हलपमेंट अँड मॅनेजमेंट असोसिएशन, म्हणजे पीडीएमए, १९९० पासून अशा तुलनात्मक पाहण्या करत आली आहे आणि त्यांत बाजारात उतरवलेल्या उत्पादनांपैकी यशस्वी ठरणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपासच येत राहिलं आहे. कॅस्टेलियन आणि मार्कहॅम यांनी २०१३ च्या लेखात हाच मुद्दा मांडला: अपयशाचा खरा दर ४० टक्क्यांच्या आसपास आहे, ८० टक्क्यांची दंतकथा फक्त पुन्हा पुन्हा सांगून पक्की झाली आहे. गोंधळ मुख्यतः छेदाचा आहे. बूझ अ‍ॅलनच्याच पाहण्यांत एका यशस्वी उत्पादनामागे १९६८ साली ५८ कल्पना लागत आणि १९८१ मध्ये ७. कल्पनांचा छेद घेतला तर कुणीही नापास होईल, आणि बाजारात गेलेल्यांचा घेतला तर बरेच जण पास. म्हणून दुसऱ्या कंपनीला विचारताना कल्पना किती, मंजूर किती, मध्येच थांबवलेले किती, बाजारात गेलेले किती आणि मंजुरीच्या वेळी लिहिलेला नफा गाठणारे किती, असे सलग पाच आकडे मागा. मध्येच थांबवलेले किती, हा आकडा विशेष जपून बघा. शून्य आला तर ती कंपनी एकतर अतिशय हुशार आहे किंवा वेळेवर नाही म्हणायचं तिला जमत नाही. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा दुसरं निघतं.

नव्या उत्पादनांतून येणाऱ्या विक्रीचा टक्का. थ्रीएम कंपनीने हा आकडा प्रसिद्ध केला: आधी उद्दिष्ट होतं पाच वर्षांतल्या उत्पादनांतून २५ टक्के विक्री, १९९० च्या दशकात ते चार वर्षांतल्या उत्पादनांतून ३० टक्के असं कडक केलं. त्यांच्या धंद्याला ते शोभतं. पण ज्याचं एक मॉडेल पंधरा-वीस वर्षं विकलं जातं त्या पंपवाल्याने ३० टक्क्यांच्या मागे धावलं तर लोक नेमप्लेट आणि रंग बदलून नवे नंबर काढू लागतात. हे मी होताना पाहिलंय, आणि त्यात कुणाला दोष द्यावासा वाटला नाही. माणसं मोजमापाला उत्तर देतात. हा टक्का घ्यायचाच असेल तर उत्पादनाचं आयुष्य तुमच्याएवढंच असलेल्या कंपन्यांशी लावा, आणि त्यातली किती विक्री तुमच्याच जुन्या मॉडेलची खाऊन आली तेही शेजारी लिहा.

विक्रीच्या किती टक्के खर्च संशोधन-विकासावर होतो, हा आकडा वार्षिक अहवालात आयता मिळतो, म्हणून सगळे घेतात. मी घेत नाही. आंतरराष्ट्रीय लेखामानक आयएएस ३८ प्रमाणे विकासाचा खर्च ठरावीक अटी पुऱ्या झाल्या की मालमत्ता म्हणून ताळेबंदात जातो. अमेरिकी लेखानियमांत तो साधारणपणे त्याच वर्षी खर्ची पडतो. शिवाय ग्राहकाच्या ऑर्डरीसाठी केलेले किरकोळ बदल एक कंपनी विकासात धरते, दुसरी उत्पादनात. बूझ अ‍ॅलनने आणि पुढे तिच्यातून वेगळ्या झालेल्या बूझ अँड कंपनीने २००५ पासून जगातल्या सर्वाधिक खर्च करणाऱ्या एक हजार कंपन्या दरवर्षी तपासल्या आणि खर्चाचा आकार नि आर्थिक कामगिरी यांत ठोस संबंध सापडत नाही, हेच वारंवार सांगितलं.

आणखी एका प्रसिद्ध आकड्यापासून तुम्हाला सावध करते, कारण 'आपण आठ महिने मागे' म्हटलं की कुणीतरी तो काढणारच: उत्पादन सहा महिने उशिरा आलं तर आयुष्यभराच्या नफ्यातला एक तृतीयांश जातो, पण विकासाचा खर्च निम्म्याने वाढला तरी जेमतेम साडेतीन टक्के जातात. हे डोनाल्ड राइनर्टसन यांच्या १९८३ मधल्या एका मॉडेलचं उत्तर आहे. त्यात बाजार दरवर्षी २० टक्क्यांनी वाढतो, किमती दरवर्षी १२ टक्क्यांनी उतरतात आणि उत्पादन पाच वर्षं जगतं, असं धरलेलं आहे. त्या गृहीतकांवर हिशोब बरोबरच आहे. तुमच्या पंपांच्या किमती दरवर्षी १२ टक्क्यांनी उतरतात का? नसतील तर तुमची गृहीतकं घालून तोच हिशोब स्वतः करा. एक दिवसाचं काम आहे, आणि उशिराच्या एका महिन्याची तुमच्या घरची किंमत हातात येते. माझ्या मते सगळ्या तुलनेआधी हा एक आकडा हवा, कारण आठ महिन्यांचा फरक भरून काढायला किती खर्च परवडेल ते त्यावर ठरतं.

आकडे मिळवायचे कसे? स्पर्धकाकडूनच मिळवायला हवेत, हा आग्रह सोडा. झेरॉक्सची गोष्ट या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असते: १९७९ च्या सुमारास त्यांना दिसलं की आपल्याला यंत्र बनवायलाच जेवढा खर्च येतो तेवढ्याला जपानी स्पर्धक ते विकताहेत, आणि तिथून तुलनेचं काम पद्धतशीर सुरू झालं. पण गोदामातून माल उचलून ऑर्डर भरायची रीत शिकायला ते एल. एल. बीन या कपडे आणि बाहेरच्या भटकंतीचं सामान टपालाने विकणाऱ्या कंपनीकडे गेले. तुमचंही तसंच आहे. कास्टिंगचा नमुना पास व्हायला किती फेऱ्या लागतात, ड्रॉइंगमधला एक बदल मंजूर व्हायला किती दिवस जातात, चाचणीच्या बाकावर किती रांग असते, हे व्हॉल्व्ह, कॉम्प्रेसर किंवा गिअरबॉक्स बनवणाऱ्याला विचारता येतं. त्याला तुमची भीती नसते, तो फाईल उघडून दाखवतो. स्पर्धकाशी बोलायचंच झालं तर आधी कायदा सांभाळणाऱ्या माणसाला बरोबर घ्या. पुढच्या किमती, लाँचच्या तारखा, ग्राहकांची नावं यांवर एक शब्दही नको. आकडे तिऱ्हाइताकडे जमा व्हावेत, कंपन्यांना सांकेतिक नावं द्यावीत, आणि आमचा नियम असा की पाचपेक्षा कमी कंपन्यांचा गट असेल तर एकत्रित आकडासुद्धा बाहेर द्यायचा नाही. जो प्रश्न विचाराल त्याचं स्वतःचं उत्तर आधी लिहून पाठवा. याने जेवढी दारं उघडतात तेवढी कुठल्याच पत्राने उघडत नाहीत.

प्रत्येक कंपनीकडून एकच प्रकल्प घेऊ नका. ती आपला लाडका प्रकल्प देईल. 'गेल्या दोन वर्षांत पूर्ण झालेले' असंही मागू नका. त्यात जे रखडलेत आणि जे बंद पडले ते गळून जातात आणि सगळं वेगवान दिसतं. अमुक एका वर्षात सुरू झालेले सगळे प्रकल्प मागा, त्यांचं पुढे काहीही झालेलं असो. सहा-आठ प्रकल्प मिळाले तर सरासरी न काढता रांगेतला मधला आकडा बघा, आणि सर्वात जलद नि सर्वात संथ यांच्यातलं अंतर बघा. मधला आकडा १८ असलेली कंपनी जर कधी १२, कधी ३५ महिने घेत असेल तर तिच्या विक्री विभागाला ग्राहकाला कुठलीच तारीख देता येत नसणार.

आता ज्यात मला सगळ्यात जास्त सापडलंय तिकडे येते. एका अभ्यासात दोन कंपन्या होत्या, उत्पादनं सारख्याच गुंतागुंतीची, विकास विभागात दोन्हीकडे नऊ अभियंते. एकीला २२ महिने लागत, दुसरीला १५. प्रत्यक्ष कामाचे तास जवळपास सारखे होते. मग सात महिने जातात कुठे? संथ कंपनीच्या चाचणी विभागात मी एक पूर्ण दिवस उभी राहिले. तिथे प्रत्येक नमुन्याला तारेने एक पुठ्ठ्याचं कार्ड बांधलेलं असे, त्यावर तीन तारखा: आला, बाकावर चढवला, उतरवला. मी हातात घेतलेल्या पहिल्या कार्डावर होतं: आला ३ मार्च, चढवला ९ एप्रिल, उतरवला १२ एप्रिल. तीन दिवसांची चाचणी आणि त्याआधी ३७ दिवस फळीवर. आम्ही कपाटातली जुनी कार्डं काढून टेबलावर ओळीने मांडली. बहुतेकांची तीच कथा होती. चाचणीप्रमुख बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मॅडम, बाक कधी रिकामा नसतो, म्हणून मला वाटायचं आमचं काम उत्तम चाललंय."

कारण सरळ होतं. संथ कंपनीच्या नऊ अभियंत्यांच्या हातात एका वेळी ११ प्रकल्प होते, जलद कंपनीत ७. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला रांगेचा नियम इथे तसाच्या तसा लागतो: स्थिर चाललेल्या कुठल्याही व्यवस्थेत एका कामाला लागणारा सरासरी वेळ म्हणजे हातातली कामं भागिले दर वर्षी पूर्ण होणारी कामं. त्या कंपनीत वर्षाला सहा प्रकल्प पूर्ण होत. ११ भागिले ६ म्हणजे १.८३ वर्षं, बरोबर २२ महिने. दुसरीकडे वर्षाला साडेपाच-सहा पूर्ण होत, हातात ७. उत्तर येतं १४-१५ महिने. अभियंते हुशार की आळशी, सॉफ्टवेअर कोणतं, गेट रिव्ह्यू (टप्प्याटप्प्यावरच्या मंजुरीच्या बैठका) किती, याचा त्यात फारसा भाग नव्हता. नवा प्रकल्प सुरू करण्याआधी एक संपवायचा, एवढा नियम त्या दुसऱ्या कंपनीने सहा वर्षं नेटाने पाळला होता, आणि तो पाळताना त्यांच्या विक्रीप्रमुखांशी दर महिन्याला वाद व्हायचे, हेही त्यांनी लपवलं नाही.

तुमचाही आकडा २२ आहे, हा निव्वळ योगायोग असू शकतो. तरी दुसऱ्या कंपनीला पहिला फोन लावण्याआधी एवढं करा. आज खरोखर चालू असलेले प्रकल्प मोजा, साहेबांनी 'थोडं बघून ठेवा' म्हटलेलेही धरा. गेल्या तीन वर्षांत वर्षाला किती पूर्ण झाले ते काढा आणि भागाकार करा. मग गेल्या सहा प्रकल्पांच्या सहा-सहा तारखा जमवा, आणि त्यातल्या एका प्रकल्पाचा दर आठवडा 'काम' की 'वाट पाहणं' असा रंगवा. याला दोन-तीन आठवडे लागतील.

त्यानंतर संचालकांकडे एक पान घेऊन जा. वर तुमच्या तारखा, खाली रंगवलेली पट्टी, शेवटी उशिराच्या एका महिन्याची तुम्ही काढलेली किंमत. १४ च्या आकड्याबद्दल विचारलं तर तो कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतचा आहे हे अजून कळायचं आहे, असं स्पष्ट सांगा आणि व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेसरवाल्या तीन-चार कंपन्यांना भेटायची परवानगी मागा. जाताना चाचणी विभागाच्या आणि पॅटर्न शॉपच्या माणसाला बरोबर न्या. समोरच्यांच्या कार्यालयात जे दिसत नाही ते त्यांना शॉपमध्ये पाच मिनिटांत दिसतं.